१८१ लावल्यावर पुढचं बिल कोण भरतं?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा एपिसोड मध्येच तुटला, ज्यांचे हेडफोन घरी राहिले, आणि ज्यांना घरात हा विषय मोठ्याने लावायची सोयच नाही, अशा सगळ्यांसाठी हा लिहून काढलेला एपिसोड. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत, आकडे जरा नीट लावलेत. बाकी जसं बोलले तसंच आहे.

विषय निघाला एका मेसेजवरून. एका मुलीने विचारलं, "ताई, १८१ ला फोन केला तर खरंच कुणी मदत करतं का? आणि ते फुकट असतं का? माझ्या वहिनीसाठी विचारतेय." वहिनीसाठी, म्हणजे मारणारा बहुतेक हिचा सख्खा भाऊ. हे तिने लिहिलं नव्हतं, पण वाक्यात होतंच. मी लिहिलं, हो, मदत करतात, आणि हो, फुकट असतं. त्यावर तिचा रिप्लाय आला, "फुकट म्हणजे सरकारी. मग होईल तेव्हा होईल."

मला राग आला नाही, कारण तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. फुकट असतं ते वहिनीसाठी. फोन उचलणारी, गाडी पाठवणारी, समोर बसून ऐकून घेणारी, कोर्टाचे कागद करून देणारी, रात्री झोपायला खोली उघडून देणारी, या सगळ्यांचे पैसे कुणीतरी देतं. ते वेळेवर दिले की मदत वेळेवर पोचते. दिले नाहीत की 'होईल तेव्हा होईल'. म्हणून आज कायदा नाही, हिशोब. वहिनीच्या मागे मागे जाऊ आणि प्रत्येक दारात विचारू, इथले पैसे कुठून येतात?

आधी एक गोष्ट मिटवून टाकते, कारण कमेंटमध्ये दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "आता कुठे असलं काही राहिलंय?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात देशातल्या लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जवळपास ३० टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा साधारण २५ टक्के. चारात एक. तुमच्या मजल्यावर चार दारं असतील तर हिशोब करा. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त लागतो. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली अशा फक्त १४ टक्के. बाकीच्यांतल्या बहुतेक जणींनी तर कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे आज जी व्यवस्था अपुरी पडतेय ना, ती या थोडक्या बायकांनाच पुरत नाहीये. उरलेल्यांनी उद्या फोन उचलला तर काय होईल, हा विचार करून बघा.

फोन आणि पहिलं दार

वहिनीने १८१ लावला. ही महिला हेल्पलाइन, चोवीस तास चालणारी. आत्ता या क्षणी मार पडतोय, दार तोडतोय, अशी वेळ असेल तर ११२ लावायचा, तो पोलिसांकडे जातो. १८१ म्हणजे बोलायचंय, माहिती हवीय, कुठे जाऊ ते सांगा, यासाठी. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाला तो आठवत नाही. आठवायचं काम आपलं.

१८१ वरून तिला जोडून देतात 'सखी वन स्टॉप सेंटर'शी. नाव इंग्रजी, पण कल्पना साधी आहे. पूर्वी बाईला पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, वकील, समाजकल्याणचं ऑफिस असं चार ठिकाणी फिरावं लागायचं आणि चारही ठिकाणी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागायची. ते सगळं एका छताखाली आणायचं. समुपदेशन, वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, आणि गरज पडली तर तात्पुरता मुक्काम. ही योजना १ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक सेंटर असावं असं ठरलं, आणि देशभरात आज अशी आठशेच्या वर सेंटर्स चालू आहेत.

पैसे कुणाचे? पूर्ण केंद्राचे, शंभर टक्के. राज्याने वाटा घालायचा नाही. आणि केंद्र हे पैसे काढतं ते निर्भया निधीतून.

निर्भया निधी हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पण तो नक्की काय आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये जे घडलं, त्यानंतर देशभर लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच अर्थसंकल्पात, २०१३-१४ च्या, तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी महिलांच्या सुरक्षिततेसाठी १,००० कोटींचा वेगळा निधी जाहीर केला. त्याचं वैशिष्ट्य असं की वर्ष संपलं म्हणून हा पैसा बुडत नाही. एरवी सरकारी खात्याचा पैसा ३१ मार्चला परत जातो, म्हणून मार्च महिन्यात सगळीकडे रस्ते खोदलेले दिसतात. निर्भया निधीचं तसं नाही, तो पुढच्या वर्षात जातो. कल्पना चांगलीच होती. पण बुडत नाही म्हटल्यावर घाईही राहत नाही. पहिली काही वर्षं हा पैसा बराचसा नुसता पडून होता. आता परिस्थिती सुधारलीये. २०२४-२५ पर्यंत या निधीखाली साधारण ७,७०० कोटी दिले गेले आणि त्यातले तीन-चतुर्थांशच्या आसपास वापरले गेले.

पण 'वापरले' म्हणजे कशावर? इथे जरा वेळ थांबू या, कारण सगळी मेख इथे आहे.

कॅमेरा विकत घेता येतो, बाई दरमहा सांभाळावी लागते

निर्भया निधीतून काय काय झालंय बघा. मुंबईसकट आठ मोठ्या शहरांसाठी 'सेफ सिटी' प्रकल्प, म्हणजे कॅमेरे, गाड्या, दिवे, कंट्रोल रूम. एकट्या मुंबईसाठी मंजुरी २५२ कोटींची. ११२ नंबरची यंत्रणा. रेल्वे स्टेशनांवरचे कॅमेरे. १०,००० पोलीस ठाण्यांत महिला मदत कक्ष, प्रत्येकी एक लाख. बलात्काराचे आणि पोक्सोचे खटले चालवायला विशेष जलदगती न्यायालयं. यातलं एकही काम वाईट नाही. रात्री उशिरा स्टेशनवर उतरणाऱ्या मुलीला दिवे आणि कॅमेरे हवेतच. मीही उतरते.

मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. २०२२ मध्ये देशात महिलांवरच्या अत्याचाराचे ४ लाख ४५ हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३१ टक्क्यांच्या वर, 'नवरा किंवा सासरच्यांकडून छळ' याचा होता. म्हणजे सगळ्यात जास्त मार घरात पडतो आणि मोठ्या खरेद्या होतात रस्त्यासाठी. स्वयंपाकघरात कॅमेरा लागत नाही. वहिनीच्या घराबाहेर अख्खा रस्ता झगमगीत करा, तिच्यासाठी काय बदललं?

असं का होतं? कुणी ठरवून दुष्टपणा करतं असं मला वाटत नाही. सरकारी यंत्रणेला वस्तू घेणं सोपं जातं. टेंडर निघतं, वस्तू येते, बिल लागतं, फोटो निघतो, फाइल बंद. समुपदेशक ही वस्तू नाही. तिला दर महिन्याला पैसे द्यावे लागतात, पुढच्या वर्षीही द्यावे लागतात, ती आजारी पडते, बाळंतपणाला जाते, तिला प्रशिक्षण लागतं. 'दरवर्षी पुन्हा येणारा खर्च' म्हटलं की अर्थखात्याच्या कपाळावर आठ्या. म्हणून पद कंत्राटी, पैशाचं नाव पगार नाही तर 'मानधन', आणि वस्तूंच्या बाबतीतही नंतरची काळजी कुणी घेत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बातम्या आल्या होत्या, आठवत असेल, की मुंबई पोलिसांनी निर्भया निधीतून घेतलेल्या गाड्यांपैकी काही गाड्या राजकीय नेत्यांच्या सुरक्षेत फिरत होत्या. गाडीवर नाव काहीही लिहा, चावी कुणाकडे आहे ते बघायचं.

एका जिल्ह्यातल्या सेंटरमध्ये मी या एपिसोडसाठी गेले होते. जिल्ह्याचं नाव घेत नाही, त्या ताईंची नोकरी आधीच कंत्राटी आहे. केस वर्कर, वय पस्तिशीच्या आत, एमएसडब्ल्यू झालेली. चार महिन्यांचं मानधन थकलेलं. मी विचारलं, मग घर कसं चालतं? म्हणाल्या, "नवऱ्याचा पगार आहे म्हणून." आणि मग स्वतःच हसल्या. दिवसभर समोर बसलेल्या बायकांना 'स्वतःच्या पायावर उभी राहा' सांगायचं आणि आपण नवऱ्याच्या पगारावर!

पैसे का थकतात तेही त्यांनीच समजावलं. केंद्र पैसे हप्त्यांनी पाठवतं. पुढचा हप्ता मिळवायचा तर आधीचा कुठे आणि कसा खर्च झाला याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ऑफिसात सगळे त्याला यूसी म्हणतात. "यूसी गेली का?" हा जिल्ह्याच्या ऑफिसमधला रोजचा प्रश्न. एका टेबलावर कागद अडला, बँक खात्याची पद्धत बदलली, अधिकाऱ्याची बदली झाली, नवीन साहेबांची सही अजून बँकेत नोंदलेली नाही, की यूसी लटकते. यूसी लटकली की हप्ता लटकतो. मग वीजबिल उधारीवर, मानधन पुढच्या महिन्यावर. हे कागद मागण्यात काही चूक नाही, तो तुमचाआमचा पैसा आहे. फक्त उशिराची शिक्षा भोगते ती केस वर्कर, आणि तिच्यामागे वहिनी. कारण चार महिने मानधन नाही म्हटल्यावर चांगली माणसं सोडून जातात. ज्या ताईंना वहिनीने मोठ्या मुश्किलीने सगळं सांगितलं, त्या पुढच्या वेळी खुर्चीवर नसतात. नवी ताई म्हणते, "बसा, काय झालं पहिल्यापासून सांगा."

हेच तर टाळायला सेंटर काढलं होतं ना?

पाच दिवस, आणि नंतर

सेंटरमध्ये राहायची सोय साधारण पाच दिवसांची. पाच दिवस पुरेत अशी ती सोयच नाही, जीव वाचवून बाहेर आलेल्या बाईला श्वास घ्यायला जागा, एवढंच. त्यानंतर कुठे? माहेर घेत असेल तर माहेर. नाही तर निवारागृह.

इथे पैशाची वाट बदलते. २०२२ मध्ये केंद्राने महिलांसाठीच्या योजना 'मिशन शक्ती' या एका छत्रीखाली आणल्या आणि तिचे दोन भाग केले. 'संबल' हा सुरक्षेचा भाग. त्यात सखी सेंटर आणि १८१, सगळा खर्च केंद्राचा. 'सामर्थ्य' हा दुसरा भाग. त्यात 'शक्ती सदन', म्हणजे पूर्वीची स्वाधार आणि उज्ज्वला गृहं एकत्र करून केलेली निवारागृहं. इथे खर्च वाटून. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र ६० टक्के, राज्य ४०. दोघांनी मिळून भरायचं म्हटल्यावर काय होतं हे ज्यांनी मित्रांबरोबर ट्रिपचे पैसे गोळा केलेत त्यांना सांगायला नको. पहिल्याने दिले नाहीत म्हणून दुसरा थांबतो. मधे अडकते ती संस्था, जी चाळीस-पन्नास बायकांना रोज दोन वेळ जेवायला घालते आणि किराणावाल्याला 'या महिन्यात नक्की' सांगते.

निवारागृहाबद्दल आणखी एक. मुलगा ठरावीक वयापर्यंतच आईबरोबर राहू शकतो. तो मोठा असेल तर त्याची सोय वेगळीकडे. कितीतरी बाया एवढ्या एका कारणाने परत सासरी जातात. 'तिलाच राहायचंय तिथे' असं आपण सहज म्हणून मोकळे होतो. तिला मुलापासून लांब राहायचं नसतं.

आता बेरीज करू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशन शक्तीसाठी ३,१५० कोटी ठेवले. ऐकायला भरघोस. पण त्यातले २,५२१ कोटी 'सामर्थ्य'चे, आणि 'सामर्थ्य'मध्ये मातृवंदना योजनेसारख्या, गरोदर बायकांना रोख मदत देणाऱ्या मोठ्या योजनाही येतात. उरले 'संबल'चे ६२९ कोटी. त्यातही बेटी बचाओ, बेटी पढाओ आहे. तरी समजा सगळे ६२९ कोटी सखी सेंटर आणि हेल्पलाइनलाच दिले. देशात बायका-मुली सत्तर कोटींच्या आसपास. भागाकार करा. प्रत्येकीमागे वर्षाला नऊ रुपये. वर्षाला, महिन्याला नाही. नऊ रुपयांत आमच्याकडे वडापाव सोडा, नुसता वडा येत नाही.

बजेटच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. फेब्रुवारीत टीव्हीवर जो आकडा झळकतो तो 'अर्थसंकल्पीय अंदाज', म्हणजे इच्छा. वर्षाच्या शेवटी येतो तो 'सुधारित अंदाज', म्हणजे अर्ध्या वाटेवरची कबुली. आणि त्याच्याही पुढच्या वर्षी येतो 'प्रत्यक्ष खर्च'. खरी गोष्ट त्या तिसऱ्या रकान्यात असते, पण तोवर ब्रेकिंग न्यूज बदललेली असते. कुणी तुम्हाला पहिल्या रकान्याचं पोस्टर फॉरवर्ड केलं तर तिसरा रकाना विचारा.

कायद्याला खिसाच शिवला नव्हता

तुम्ही म्हणाल, कायदा तर आहे ना? आहे, आणि चांगला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला, २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. नुसती मारहाण नाही, तर शिव्या, धमक्या, पैसे अडवणं, घरातून हाकलणं हेही त्यात हिंसाचार धरलंय. लग्नाची बायकोच नाही, आई, बहीण, लिव्ह-इनमधली जोडीदार यांनाही तो लागू. घर कुणाच्या नावावर आहे याचा विचार न करता बाईला त्या घरात राहण्याचा हक्क देतो. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असंही त्यात लिहिलंय.

या सगळ्याचा कणा म्हणजे 'संरक्षण अधिकारी'. घडलेल्या प्रकाराचा अहवाल लिहायचा, कोर्टात अर्ज करायला मदत करायची, वकील मिळवून द्यायचा, दवाखान्यात न्यायचं, निवारा शोधायचा, कोर्टाने पोटगीचा आदेश दिला की तो पाळला जातोय का बघायचं. हे सगळं एका माणसाने. हा अधिकारी नेमायचा कुणी? राज्य सरकारने. त्याच्या पगाराचे, गाडीचे, ऑफिसचे पैसे? त्यासाठी केंद्राने वेगळी थैली ठेवलीच नाही. परिणाम काय झाला असेल याचा तुम्ही अंदाज केलाच असेल. अनेक राज्यांनी आधीच नोकरीत असलेल्या कुणाच्या तरी गळ्यात हे काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून अडकवलं. अंगणवाड्या बघणाऱ्या बाई सकाळी पोषण आहाराचा हिशोब करणार आणि दुपारी संरक्षण अधिकारी होणार.

हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 'वी द विमेन ऑफ इंडिया' या संघटनेच्या याचिकेवर सुनावणी चालू असताना माहिती समोर आली की जुलै २०२२ मध्ये या कायद्याखाली देशभरात ४ लाख ७० हजारांहून जास्त प्रकरणं प्रलंबित होती. एका जिल्ह्याला एकच अधिकारी धरला तर एकेकाच्या वाट्याला पाचशेच्या वर. मे २०२५ मध्ये कोर्टाने राज्यांना सांगितलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर अधिकारी ठरवून त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि त्यासाठी सहा आठवडे दिले. कायदा लागू होऊन तोवर साडेअठरा वर्षं झाली होती. तेव्हा जन्मलेलं मूल मतदान करायला लागलं.

आपल्याकडे जमलंय, हेही सांगते

नुसतं रडगाणं गायचा माझा विचार नाही, कारण महाराष्ट्राने या बाबतीत दोन गोष्टी फार आधी करून दाखवल्यात.

पहिली, १९८४ ची. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे टिसने, पोलिसांबरोबर 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या. कल्पना किती व्यवहारी आहे बघा. बाई घाबरून शेवटी पोलिसांकडेच जाते. मग तिथेच कुणीतरी ऐकून घेणारं असू दे, जे खाकीत नाही पण पोलीस ज्याचं ऐकतात. पुढे २००५ च्या सुमारास राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष स्वीकारले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

दुसरी, 'दिलासा'. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून हे केंद्र काढलं. बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, पण डोक्याला खोक पडली, हात मोडला, विष घेतलं, तर दवाखान्यात येतेच. आणि कागदावर लिहिते, 'पाय घसरून पडले'. नर्सने तिथे ओळखायचं की हा पाय घसरलेला नाही, आणि तिला त्याच इमारतीतल्या एका खोलीत न्यायचं. सासूला सांगता येतं, दवाखान्यात गेले होते. पुढे महापालिकेने ते केंद्र स्वतःकडे घेतलं आणि राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून पैसे मिळाल्यावर मुंबईतल्या आणखी कितीतरी पालिका रुग्णालयांत दिलासा सुरू झालं.

दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच झाली. सुरुवात एखाद्या संस्थेने केली, काही वर्षं चालवून दाखवलं, आणि मग सरकारने ते काम आपल्या खर्चात घेतलं. देणगी तीन वर्षांनी संपते. सरकारी खर्चाच्या यादीत एकदा ओळ आली की ती पुसायला कुणाला तरी सही करावी लागते. म्हणून या क्षेत्रातली जुनी माणसं 'निधी वाढवा' इतकंच 'पदं मंजूर करा' असंही म्हणतात. आधी मला ते नोकऱ्यांसाठीचं भांडण वाटायचं. त्या केस वर्कर ताईंशी बोलल्यावर वाटेनासं झालं.

तुमच्या अगदी जवळचाही एक पैसा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. जिल्हा परिषदेच्या याच पैशातून समुपदेशन केंद्र चालवता येतं. बऱ्याच ठिकाणी त्यातून शिलाई मशीन वाटली जातात, कारण मशीन वाटपाला मंडप घालता येतो. समुपदेशनाला मंडप कसा घालणार? ग्रामसभेला बसणारे कुणी ऐकत असाल तर या वर्षीचे १० टक्के कशावर गेले, एवढं विचारून बघा.

तुमचे प्रश्न

"लाडकी बहीण योजनेने हा प्रश्न सुटत नाही का?" महिन्याला १,५०० रुपये स्वतःच्या खात्यात येणं मला कमी लेखायचं नाही. घर सोडताना रिक्षाचे पैसे नसतात म्हणून थांबलेल्या बायका असतात. पण खात्यातल्या पैशाने रात्री अकराला दार उघडणारं कुणी मिळत नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा खर्च वेगळाच करावा लागतो.

"वकिलाची फी?" बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते ऑफिस असतं. हेल्पलाइन १५१००.

"शेजारी म्हणून मी कळवलं आणि उद्या माझ्यावरच केस झाली तर?" होणार नाही. या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसाचार होतोय किंवा होऊ शकतो असं वाटणारी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कारवाई होत नाही.

"आमच्या जिल्ह्यात सेंटर नीट चालतं का हे कसं कळणार?" माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, ऑनलाइनही होतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे भाषण लिहू नका. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. सेंटरमध्ये मंजूर पदं किती आणि भरलेली किती. कर्मचाऱ्यांचं मानधन शेवटचं कोणत्या महिन्याचं दिलं. यंदा केंद्राकडून किती रकमेचे हप्ते कोणत्या तारखांना आले. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की आम्हालाही पाठवा, केस वर्करची नावं झाकून.

आणि ज्या मुलीने वहिनीसाठी विचारलं होतं तिच्यासाठी. वहिनीच्या फोनवरून १८१ लावू नकोस, कॉल लिस्टमध्ये नंबर राहतो. तुझ्या फोनवरून लाव, ती जवळ असताना. आधार कार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, यांचे फोटो तुझ्याकडे घेऊन ठेव. दुखापतीचे फोटो तारखेसकट ठेव. आणि सेंटरला जायच्या आधी एक फोन करून कुणाला भेटायचं त्या ताईंचं नाव विचारून घे, म्हणजे वहिनीला दारात उभं राहून अनोळखी माणसांना सुरुवातीपासून सांगत बसावं लागणार नाही.